सही करण्याआधी

पोलीस ठाण्यात शिरल्यावर जो माणूस पहिल्यांदा समोर दिसतो तो साहेब नसतो. साहेब आतल्या केबिनमध्ये, नाहीतर बंदोबस्ताला. बाहेरच्या टेबलाशी संगणक, स्टेशन डायरी आणि सतत खरखरणारा वायरलेस घेऊन बसलेला असतो तो ठाणे अंमलदार. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मधली बरीच वर्षं माणदेशातल्या ठाण्यांत मी त्याच खुर्चीवर काढली. तिथून काय दिसतं ते आता सांगायला हरकत नाही.

लोक मला एसटी स्टँडवर गाठतात आणि पहिला प्रश्न कलमांचाच विचारतात. "आण्णा, सगळे कायदे बदलले म्हणं?" बदलले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, आणि पुराव्याचा १८७२ सालचा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८. आम्हाला पाठांतर नव्यानं करावं लागलं, वकिलांना पुस्तकं नव्यानं घ्यावी लागली. फिर्याद द्यायला येणाऱ्या माणसाला यातलं काही पाठ असायची गरज नाही. कलम लावणं पोलिसाचं काम, फिर्यादीनं घडलं ते सांगायचं.

सांगायचं मात्र नीट. त्या टेबलावर पहिल्या तासात जे कागदावर उतरतं त्यावर पुढची सगळी वर्षं चालतात. न्यायाधीशाला तुम्ही दिसाल ते फार उशिरा, त्याच्या आधी त्याला तो कागद दिसतो. आणि आपली माणसं जमिनीच्या खरेदीखताला चार जणांना दाखवून सही करतील, पण फिर्यादीवर पाणी प्यायल्यासारखी सही ठोकून मोकळी होतात.

गुन्हे दोन प्रकारचे असतात, दखलपात्र आणि अदखलपात्र. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकतात, वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अशा गुन्ह्याची जी पहिली खबर लिहिली जाते तीच एफआयआर. अदखलपात्र गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलिसाला तपासच करता येत नाही. तिथे एका रजिस्टरला नोंद होते आणि तुमच्या हातात एक कागद पडतो, त्यालाच सगळे एनसी म्हणतात. त्या कागदावर खाली बहुधा एक ओळ असते की आपण कोर्टात दाद मागावी. ती ओळ कुणी वाचत नाही. "एनसी केलीय आम्ही," असं लोक गावात छाती काढून सांगतात आणि पोलीस कधी येतील याची वाट बघत बसतात. कोर्टाचा हुकूम आणल्याशिवाय त्या एनसीवर कुणी तपासाला येणार नाही. नव्या कायद्यात एवढं झालं की अशा नोंदींचा अहवाल दर पंधरा दिवसांनी मॅजिस्ट्रेटकडे जायला हवा.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात डाळिंबाची बाग असलेले एक बापू सकाळी आले. विहिरीवरच्या मोटरीची वायर रात्रीतून कापून नेली होती. आमच्या भागात हा रोजचा प्रकार. चोर वायर माळावर नेऊन जाळतात, वरचं प्लास्टिक गेलं की राहतं ते नुसतं तांबं, आणि तांब्याला काही नाव लिहिलेलं नसतं.

"बापू, किती रुपयांची असेल?"

"असंल की सायेब, तीन-चार हजाराची. जुनीच हुती."

शेजारच्या तरुण शिपायानं लगेच एनसीचं रजिस्टर ओढलं. त्याचं चुकत नव्हतं. पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या साध्या चोरीला नव्या संहितेच्या कलम ३०३ मध्ये पहिल्या वेळी, माल किंवा त्याची किंमत परत केल्यावर, समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे, आणि ती चोरी अदखलपात्र केली आहे. म्हणजे बापूंनी सवयीनं नम्रपणे सांगितलेल्या त्या "तीन-चार हजारा"नं तपासाचं दारच बंद होत होतं. मी त्यांना घरी पाठवलं. सातबारा आणि सोसायटीच्या पावत्या ठेवतात त्या पत्र्याच्या डब्यातून दुकानाचं बिल घेऊन ते दुपारी परत आले. वायर अकरा हजारांच्या वरची होती, आणि जुनी झाली तरी तेवढ्या वजनाच्या तांब्याला मोडीतही पाच हजारांहून जास्त येत होते. गुन्हा दाखल झाला. किंमत फुगवून सांगा असं मी म्हणत नाही, फुगवलेली किंमत उलटतपासात उघडी पडते. पण आपल्याच वस्तूची किंमत भिडेखातर पाडूनही सांगू नका. तीच वायर माल ठेवायच्या खोलीतून गेली असती तर कलम ३०५ लागलं असतं. घरातली किंवा माल ठेवायच्या इमारतीतली चोरी किमतीला कितीही कमी असली तरी दखलपात्र असते आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून वस्तू नेमकी कुठून गेली हेही लिहून घ्या. हा पाच हजारांचा उंबरठा मला स्वतःला पटलेला नाही. ज्याच्या घरचा महिन्याचा किराणा तेवढ्यात भागतो त्याला ती चोरी किरकोळ नसते.

मारामारीतही हेच होतं. बांधावरून भावकीत जुंपते, एकजण रक्तबंबाळ होऊन ठाण्यात येतो, आणि कागदावर येतं, "शिवीगाळ, दमदाटी करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली." हे वाक्य आमच्या बोटांना इतकं सरावलेलं असतं की माणूस बोलायच्या आधी ते टाइप होतं. जुन्या कायद्यात त्याला ३२३, ५०४, ५०६ असं त्रिकूट लागायचं, आता ११५(२), ३५२, ३५१(२) लागतं. तिन्ही अदखलपात्र. मारायला लोखंडी गज वापरला असेल, हाड मोडलं असेल, तर गोष्ट वेगळी होते. म्हणून आधी मेडिकल यादी मागा. ती घेऊन सरकारी दवाखान्यात जायचं, डॉक्टर जखमांचं सर्टिफिकेट देतात. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर निघालं की कालची एनसी आज गुन्हा होऊ शकते, पण तो अहवाल ठाण्यात पोहोचला का हे तुम्हीच येऊन बघितलेलं बरं.

आता पोलीस गुन्हा दाखल करायला टाळाटाळ का करतात? पैसे खाऊन करतात, असं लोक म्हणतात. तेही होतं, मी नाकारत नाही. पण बहुतेक वेळा कारण याहून रुक्ष असतं. दर महिन्याला जिल्ह्याला गुन्हे आढावा बैठक होते. गेल्या वर्षी याच महिन्यात चोऱ्या किती, यंदा किती, उघडकीस आल्या किती, असं साहेबाला उभं करून विचारलं जातं. न सापडणारा वायरचोर म्हणजे त्या तक्त्यातला एक काळा डाग. गुन्हा लिहून घेतला नाही की डाग पडत नाही. त्यात ज्या हवालदाराकडे तपास जाणार त्याच्याकडे आधीच ढीगभर प्रकरणं, समन्स बजावणी, यात्रेचा बंदोबस्त. त्यामुळे एनसी आणि एफआयआर यांच्या मधे एक तिसरी वाट निघाली आहे, अर्जाची. "तुम्ही अर्ज द्या, आम्ही चौकशी करतो." अर्ज चौकशीवर ठेवला जातो आणि तिथेच राहतो. अर्ज द्यावाच लागला तर दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं उद्या कुणीही म्हणू शकतो.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितलं की खबरीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करणं बंधनकारक आहे, पोलिसाला मर्जी नाही. काही प्रकारांत, म्हणजे नवराबायकोचे वाद, व्यापारी व्यवहार, डॉक्टरांचा निष्काळजीपणा अशांत, आधी थोडी चौकशी करायला न्यायालयानं मुभा ठेवली. नव्या संहितेच्या कलम १७३ नं ती मुभा थोडी रुंद केली. तीन वर्षं ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस, दिवाळीनंतर बघू असं नव्हे. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली आहे म्हणून परत पाठवणं आता चालत नाही. शून्य नंबरानं गुन्हा घ्यायचा आणि तो संबंधित ठाण्याकडे वर्ग करायचा. ऑनलाइन खबरही देता येते, मात्र तीन दिवसांत येऊन तिच्यावर सही करावी लागते. एवढं होऊनही नकार मिळाला तर खबरीचा मजकूर लेखी स्वरूपात टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवायचा. तिथेही दखल घेतली नाही तर प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा. ही शिडी पायरी न चुकवता चढायची असते. अधीक्षकांना पाठवलेल्या पत्राची पोस्टाची पावती हातात नसेल तर मॅजिस्ट्रेट आधी तीच मागतात.

समजा गुन्हा घेतला. संगणकावर फिर्याद टाइप होते, "मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून फिर्याद देतो की" अशी सुरुवात, आणि शेवटी "वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे." हे शेवटचं वाक्य नव्वद टक्के लोकांच्या बाबतीत खोटं असतं. ही आकडेवारी नव्हे, माझा अदमास. माणूस रात्रीचा जागा असतो, पोटात अन्न नसतं, सोबतचा पुढारी "कर सही, निघू" म्हणत असतो.

याची किंमत कुठं मोजावी लागते ते मी तालुक्याच्या कोर्टात साक्षीला जायचो तेव्हा अनेकदा बघितलं आहे. मधे पाच-सहा वर्षं गेलेली असतात. फिर्यादी पिंजऱ्यात उभा राहतो आणि सरतपासात सांगतो की आरोपीनं गजानं मारलं. आरोपीचे वकील शांतपणे उठतात. "हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का?" सांगितलं होतं. "मग फिर्यादीत का नाही?" तो गोंधळतो, माझ्याकडे बघतो, आणि लघुलेखक टाइप करतो, "फिर्यादीत तसे का लिहिले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही." महाराष्ट्रातल्या कोणत्याही फौजदारी कोर्टाच्या जबाबांत हे वाक्य सापडेल. गज खराच वापरलेला असतो, माणूस खरंच सांगत असतो. पण आता ती नंतर सुचलेली गोष्ट ठरते आणि संशयाचा फायदा आरोपीला जातो.

म्हणून फिर्याद वाचा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. हत्यार कोणतं, कुणाच्या हातात होतं, उजेड कशाचा होता, कोण कोण बघत होतं, एवढं त्यात आहे का ते बघा. यायला उशीर झाला असेल तर उशिराचं कारण फिर्यादीतच लिहून घ्या. "नवरा मुंबईला होता, तो आल्यावर आलो" हेही कारण चालतं, पण ते त्याच दिवशी लिहिलेलं असलं तर. एफआयआरची प्रत फुकट मिळते आणि तेव्हाच मिळते. झेरॉक्सचे पैसे मागणारा भेटला तर हसून कलम १७३ म्हणा. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे, महिलांवरील लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे सोडून बाकी एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावरही टाकाव्या लागतात.

फिर्याद देणाऱ्यानं सही करायची, हे झालं. साक्षीदारानं मात्र करायची नाही. तपासात हवालदार शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब नोंदवतो, त्यावर सही घ्यायला कायद्यानंच मनाई आहे. आधी ते कलम १६२ होतं, आता १८१ आहे. जुन्या लोकांनी हे शहाणपणानं ठरवलं होतं. साक्षीदार पोलिसाच्या लेखणीला बांधला जाऊ नये, त्यानं कोर्टात शपथेवर जे सांगितलं तोच पुरावा. पोलिसाकडच्या जबाबाचा उपयोग मुख्यतः विसंगती दाखवण्यापुरता. आरोपीनं पोलिसाजवळ दिलेल्या कबुलीला तर कोर्टात किंमतच नाही, जुन्या कायद्यातही नव्हती आणि नव्यातही नाही. पेपरात "आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली" असं छापून येतं तेव्हा निकाल लागल्यासारखं वाटतं. कोर्टाच्या दृष्टीनं तोवर काहीच झालेलं नसतं. जबाबासाठी कुठल्याही बाईला ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, पोलिसानं तिच्या घरी जायचं असतं. साठीच्या वरच्या पुरुषालाही तोच नियम. दोघांनाही हे माहीत नसतं, म्हणून आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर म्हाताऱ्या बायका दिवसदिवस बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

गुन्हा दाखल झाल्यावरचं सगळ्यात मोठं भांडण अटकेवरून होतं. "आरोपी गावात उजळ माथ्यानं फिरतोय, आणि तुम्ही चहा पिताय!" सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, असं २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानं बजावलं. पोलिसानं कारण न लिहिता अटक केली तर त्याच्यावर खात्याची कारवाई होते, आणि खात्यातल्या कुणालाही ती नको असते. म्हणून आरोपी बाहेर दिसला की पैसे पोहोचले असं समजू नका. उद्या तुमच्याच पोरावर कुणी खोटी फिर्याद दिली तर हाच नियम तुमच्या उपयोगाला येईल. अटक झालीच तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. प्रत्येक ठाण्यात निदान सहायक फौजदार दर्जाचा एक अधिकारी अटक केलेल्यांची माहिती ठेवायला नेमलेला असायला हवा, आणि ती माहिती ठळकपणे लावलेली असायला हवी. पोरगं कुठं आहे असं विचारत रात्री तीन ठाणी पालथी घालायची वेळ कुणावर येऊ नये, हा त्यामागचा हेतू.

वकिलाला पैसे नसतील तर? कोठडीतला माणूस, बाई, लहान मूल, अनुसूचित जाती-जमातीतला किंवा अपंग माणूस, यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समिती असते, १५१०० हा फोन नंबर आहे. त्या वकिलाला लोक कमी लेखतात. त्यांत आळशी आहेत तसे फार तळमळीचेही आहेत, खासगी वकिलांत असतात तसेच.

शेवटी तपासाचा निकाल काय लागतो ते सांगतो, कारण इथे फिर्यादी हमखास फसतो. पुरावा मिळाला तर दोषारोपपत्र जातं. नाही मिळाला तर महाराष्ट्रात समरी पाठवायची पद्धत आहे. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर अ समरी. फिर्यादच मुद्दाम खोटी निघाली तर ब समरी. गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी वादाची असेल तर क समरी. बापूंच्या वायरीची अ समरीच होणार हे मला फिर्याद घेतानाच ठाऊक होतं, आणि मी त्यांना ते सांगितलंही होतं. पण गुन्हा नोंदलेला असला की पुढे कधी चोर सापडला तर ते प्रकरण परत उघडता येतं. एनसीचं तसं होत नाही.

समरी मंजूर करायची की नाही हे पोलीस ठरवत नाहीत, मॅजिस्ट्रेट ठरवतात, आणि त्याआधी फिर्यादीला नोटीस काढून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं भगवंत सिंग खटल्यात १९८५ मध्ये हे सांगून ठेवलं आहे. नोटीस घरी येते. कोर्टाचा कागद बघून घरातले घाबरतात, किंवा "आता काय व्हायचं राहिलंय" म्हणून ती देवळीत ठेवतात. जायला हवं ते नेमकं त्याच तारखेला. अमक्या साक्षीदाराला विचारलंच नाही, तमक्या दुकानाचं सीसीटीव्ही घेतलं नाही, असं मराठीत साध्या कागदावर लिहून नेलं तरी चालतं, वकील असायलाच हवा असं नाही. मॅजिस्ट्रेट पुढचा तपास करायला सांगू शकतात. ब समरी असेल तर जाणं टाळूच नका, कारण ती मंजूर झाली की खोटी फिर्याद दिल्याचा बट्टा तुमच्या नावावर बसतो आणि उलट कारवाईची वाट मोकळी होते. माझ्याबरोबरचे तपासी अंमलदार समरीच्या तारखेला निर्धास्त जायचे. फिर्यादी हातात कागद घेऊन व्हरांड्यात उभा दिसला की मात्र त्यांचं चहाचं तेवढं लांबायचं.